सपोर्ट किती चांगला, ते हेलपाट्यांवरून कळतं

प्रश्न: आमच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्ट टीमचं पहिलं उत्तर १५ मिनिटांत जातं, भाषा नम्र असते, माणसं मेहनती आहेत. तरी ग्राहक वैतागलेले असतात. खरोखर उत्कृष्ट टेक्निकल सपोर्ट कशाला म्हणायचं?

उत्तर: पहिलं उत्तर १५ मिनिटांत जातं हे ठीक, पण शेवटचं कधी जातं? आणि मधल्या काळात ग्राहकाला किती हेलपाटे पडतात? बंद झालेलं कुठलंही तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, उघडा आणि ग्राहकाला किती वेळा लिहावं लागलं ते मोजा. 'कोणतं व्हर्जन वापरता?', 'ब्राउझर कोणता?', 'स्क्रीनशॉट पाठवाल का?' हे तीन प्रश्न तीन वेगळ्या मेलमधून गेलेले दिसतील. तुमचा प्रत्येक मेल झटपट गेला, पण समोरचा माणूस मीटिंगमध्ये असतो किंवा दुसऱ्या टाइमझोनमध्ये झोपलेला असतो. तीन प्रश्नांत तीन दिवस निघून जातात, आणि डॅशबोर्डवर मात्र सगळं हिरवंगार असतं.

नम्रपणा हवाच, पण त्याने अडलेलं काम सुटत नाही. काम सुटतं ते निदानाने. ग्राहकाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये, आणि त्याच्याकडून जे मागवायचं ते एकदाच, नेमकं मागवावं. बाकी सगळं यातूनच निघतं.

एक उदाहरण जवळून बघू. तिकीट येतं: 'रिपोर्ट एक्सपोर्ट होत नाही. आज पाहिजेच.' नेहमीचं उत्तर असं जातं:

'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया ब्राउझरचा कॅशे क्लिअर करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही अडचण आल्यास स्क्रीनशॉट पाठवा.'

'एक्सपोर्ट होत नाही' याचे किमान चार अर्थ होतात. बटणच दिसत नसेल तर प्रश्न बहुधा परवानगीचा, म्हणजे रोलचा असतो. बटण दाबूनही काहीच होत नसेल तर पानावरची स्क्रिप्ट तुटलेली असते किंवा ब्राउझरने डाउनलोड अडवलेलं असतं. चक्र फिरत राहून शेवटी एरर येत असेल तर टाइमआउट, म्हणजे ठरलेला वेळ संपला. आणि फाइल उतरते पण उघडत नाही, किंवा उघडते पण आकडे चुकीचे, हा चौथा आणि सगळ्यात गंभीर प्रकार. कॅशे क्लिअर करण्याचा उपयोग झालाच तर दुसऱ्या प्रकारातल्या एका कोपऱ्यात होतो. म्हणजे पेशंटला न तपासता गोळी देऊन घरी पाठवण्यातला हा प्रकार.

आता हे उत्तर बघा:

'तुमच्या अकाउंटचे लॉग पाहिले. आज सकाळी १०:४२ आणि १०:५१ ला वार्षिक विक्रीचा एक्सपोर्ट सुरू झाला आणि दोन्ही वेळा बरोबर ६० सेकंदांनी तुटला. म्हणजे रिपोर्ट तयार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला मिळत नाही. आजचं काम अडू नये म्हणून तारखेत पूर्ण वर्षाऐवजी एकेक तिमाही निवडा. मी इथे चालवून पाहिलं, प्रत्येक तिमाहीला २० सेकंदांच्या आत फाइल येते. रकमांची बेरीज वर्षाशी जुळेल. "वेगळे ग्राहक" या कॉलमची मात्र बेरीज करू नका, एकच ग्राहक चारही तिमाहींत मोजला जाऊ शकतो. जमलं तर "झालं" एवढंच लिहा. नाही जमलं तर एररचा मजकूर कॉपी करून आणि ती किती वाजता आली ते पाठवा. मूळ दुरुस्तीचं काय झालं ते उद्या दुपारी ४ पर्यंत मी कळवतो, दुरुस्ती झालेली असो वा नसो.'

या उत्तराला १५ नाही, ४० मिनिटं लागतील. पण तिकीट इथेच सुटण्याची दाट शक्यता आहे. त्यात विचारण्याआधी स्वतःकडे असलेली माहिती, म्हणजे सिस्टीम आपोआप ठेवते त्या नोंदी (लॉग), पाहिली आहे. तात्पुरता उपाय सांगण्याआधी चालवून पाहिला आहे, आणि त्याचा धोकाही सांगितला आहे. 'वेगळे ग्राहक' वाली ओळ सुटली असती तर एक्सपोर्टचा प्रश्न सुटला असता आणि चुकीचा आकडा वरिष्ठांच्या टेबलावर गेला असता. चालवून न पाहिलेला उपाय सांगण्यापेक्षा उपाय नाही म्हणणं परवडतं.

६० सेकंदांबद्दल थोडं. एखादी गोष्ट दर वेळी एकाच गोल आकड्याला तुटत असेल, ३०, ६०, ३०० सेकंद, तर ती बहुधा कोणीतरी ठरवून दिलेली मर्यादा असते. मेमरी संपली किंवा डेटा खराब असला तर वेळ सहसा अशी नेमकी गोल येत नाही. एनजिनएक्स हा सर्व्हर बरेचदा प्रॉक्सी म्हणून, म्हणजे ग्राहक आणि मागचा सर्व्हर यांच्यामध्ये, बसवतात. सेटिंग बदललं नसेल तर तो मागच्या सर्व्हरच्या उत्तरासाठी ६० सेकंदच थांबतो आणि मग ५०४ हा एरर देतो. हे ठाऊक असलेला माणूस नुसत्या वेळेवरून कुठे बघायचं ते ओळखतो. एररचे आकडेही असेच बोलके असतात. ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. या दोहोंत गल्लत झाली की सपोर्टवाला पासवर्ड बदलायला सांगत बसतो आणि प्रश्न रोलचा असतो. ४२९ म्हणजे ठरलेल्या वेळात जास्त रिक्वेस्ट आल्या, इथे 'पुन्हा प्रयत्न करा' हा सल्ला आगीत तेल. ५०२ म्हणजे मधल्या प्रॉक्सीला मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही. त्यात ग्राहकाच्या ब्राउझरचा काही दोष नाही, त्याला कॅशे क्लिअर करायला लावू नका.

निदानाचा मुख्य नियम जुनाच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रायव्हेट विंडोमध्ये चाललं तर संशय एक्स्टेन्शनवर, कुकीवर किंवा कॅशेवर. त्याच मशीनवर दुसऱ्या युजरने लॉगिन करून चाललं तर संशय पहिल्या अकाउंटच्या रोलवर किंवा डेटावर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चाललं तर ऑफिसचं नेटवर्क, प्रॉक्सी किंवा फायरवॉल. तिन्ही एकदम बदलून 'चालायला लागलं' असं ग्राहक म्हणाला तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं, आणि आठवड्याने तेच तिकीट परत येतं. या तीन चाचण्या एकाच मेलमध्ये, क्रमाने, आणि प्रत्येकीचा निकाल वेगळा कळवा असं सांगून पाठवायच्या.

इम्पोर्ट अडला असेल तर फाइल अर्धी करत जा. १,००० ओळींच्या फाइलमध्ये एकच खराब ओळ असेल तर जास्तीत जास्त १० वेळा अर्ध्या केल्यावर ती हाती लागते, कारण २ चा दहावा घात १,०२४. त्या ओळीत बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारं काही असतं: वेब पानावरून कॉपी करताना आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीऐवजी भलत्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालेलं नाव, किंवा एक्सेलमध्ये एकदा उघडून सेव्ह केल्यामुळे ००४२१ चं झालेलं ४२१. हे शेवटचं इतक्या वेळा घडतं की 'ही सीएसव्ही (साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल) पाठवण्याआधी एक्सेलमध्ये उघडली होती का?' हा प्रश्न पहिल्याच मेलमध्ये असलेला बरा.

'लॉगिन होत नाही, ओटीपी चुकीचा सांगतो' या तक्रारीत ऑथेंटिकेटर ॲप असेल तर आधी फोनचं घड्याळ बघा. तो कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी घड्याळावरून तयार होतो, त्यामुळे फोन दोन मिनिटं मागे असला तर प्रत्येक कोड चुकीचाच ठरतो. केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत वापरणाऱ्या नेटवर्कमध्ये मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं, ही मुळातली मर्यादा. पासवर्ड दहादा रीसेट केला तरी उपयोग नाही.

'रीस्टार्ट करा' याची खूप थट्टा होते, पण तो उपाय खोटा नाही. गळणारी मेमरी, अडकलेलं कनेक्शन, न सुटलेलं लॉक, हे सगळं रीस्टार्टने पुसलं जातं. अडचण अशी की त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. सर्व्हर गोठला असेल तर रीस्टार्टआधी लॉगची कॉपी घ्या. जावावर चालणारं ॲप असेल तर १०-१० सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घ्या, म्हणजे ॲपमधलं प्रत्येक चालू काम (थ्रेड) त्या क्षणी कुठे पोहोचलंय त्याची नोंद. एका डंपवरून कोण काम करतंय आणि कोण अडकलंय हे सांगता येत नाही. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर उभा दिसला तर तो बहुधा अडकलेला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते न केल्यामुळे तोच बिघाड महिनाभर दर आठवड्याला परत येत राहतो.

ग्राहक 'आकडे कमी वाटतात' एवढंच म्हणतो तेव्हा कान टवकारायला हवेत. एरर देऊन थांबणारा बिघाड सभ्य म्हणायचा. मुकाट्याने डेटा गाळणारा बिघाड खरा वाईट. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ केसेस रोजच्या आकडेवारीतून गळल्या, कारण मधल्या टप्प्यावर एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटच्या फाइल होत्या आणि त्यांच्या एका शीटमध्ये ६५,५३६ च ओळी मावतात. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. 'वाटतात' या शब्दामुळे अशा तक्रारी प्राधान्यक्रमात तळाला जातात. त्या वर असायला हव्यात.

माहिती मागवताना सुरक्षेकडे बघायचं राहून जातं. ब्राउझरमधल्या नेटवर्क नोंदींची हार (HAR) फाइल निदानाला फार उपयोगी, पण तिच्यात कुकी आणि सेशन टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याचा तात्पुरता पुरावा, असू शकतात. ती फाइल ज्याच्या हाती पडली तो पासवर्डशिवाय आत शिरू शकतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट यंत्रणेतली घुसखोरी उघडकीस आली, आणि ग्राहकांनी तिकिटाला जोडलेल्या हार फाइलमधली टोकन वापरून हल्लेखोर ग्राहकांच्या सिस्टीमपर्यंत पोहोचले. म्हणून हार मागवताना तीन गोष्टी सोबत सांगा: संवेदनशील माहिती वगळून फाइल काढायची सोय ब्राउझरमध्ये असेल तर तीच वापरा, फाइल काढून झाल्यावर लॉगआउट करा म्हणजे सर्व्हरवर सेशन बहुधा रद्द होतं, आणि ती मेलने न पाठवता तिकिटाच्या अपलोडमधून द्या. तुमच्या बाजूला ती तिकीट बंद झाल्यावर आपोआप पुसली गेली पाहिजे. पासवर्ड आणि ओटीपी कधीच मागायचे नाहीत, ग्राहक स्वतःहून द्यायला लागला तरी.

आता डेव्हलपरकडे तिकीट पाठवण्याबद्दल. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. 'ग्राहक खूप चिडलाय, लवकर बघा' असं लिहून तिकीट वर ढकललं की ते 'माहिती अपुरी' असा शेरा घेऊन परत येतं, आणि ही टोलवाटोलवी ग्राहकाला दिसत नसली तरी त्याचे दिवस त्यात जातात. डेव्हलपरला काय लागतं? काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. कधीपासून, आणि त्याच्या आसपास काय बदललं: नवं व्हर्जन, नवं सर्टिफिकेट, नवा युजर, डेटा दुप्पट झाला. किती जणांना होतंय. पुन्हा घडवून आणायच्या कमीत कमी पायऱ्या. काय काय करून पाहिलं आणि त्याचा निकाल. रिक्वेस्ट आयडी, आणि वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, कारण सर्व्हरचे लॉग बहुधा त्याच वेळेत असतात आणि ग्राहकाच्या '१०:४२' चा शोध भलत्याच तासात घेतला जातो. बिघाड घडवून आणता येत नसेल तर तसंच लिहा: 'दहादा केलं, एकदाही झालं नाही, ग्राहकाकडे साधारण तीनात एकदा होतं.' ही सुद्धा माहितीच आहे, ती बहुधा रेस कंडिशनकडे (दोन कामं एकाच वेळी चालून क्रम चुकतो तेव्हाचा बिघाड) किंवा लोड बॅलन्सरमागच्या, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या अनेक सर्व्हरपैकी, एखाद्याच बिघडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवते.

तिकीट वर गेलं तरी ग्राहकाशी बोलणारा माणूस बदलू नये. एल-१ या सपोर्टच्या पहिल्या पातळीवरून एल-२, तिथून एल-३, आणि प्रत्येक पायरीवर नवा माणूस 'कृपया समस्या सांगा' म्हणतो, हा खरा हेलपाटा. जाणकार माणसाला तिकिटापाशी बोलवा, तिकीट त्याच्या दारात सोडून येऊ नका. पहिल्या माणसाला बघता बघता शिकायलाही मिळतं. पुढच्या वेळी तेवढ्यासाठी वर जावं लागत नाही.

सेवा सगळ्यांसाठीच बंद पडते तेव्हा वेगळा खेळ असतो. तीव्रता परिणामावर ठरवायची, आरडाओरड्यावर नाही: काम पूर्ण थांबलं आणि पर्यायी मार्ग नाही, तर पहिली पातळी. करारात ९९.९ टक्के उपलब्धता लिहिली असेल तर ३० दिवसांत एकूण ४३ मिनिटं १२ सेकंद हाताशी असतात. बिघाड कळायलाच २० मिनिटं लागली तर जवळपास निम्मी तिथेच गेली. मग एकाने फक्त दुरुस्ती बघायची आणि दुसऱ्याने फक्त कळवायचं काम करायचं. दोन्ही एकाच माणसावर टाकलं की दोन्ही बिघडतात. स्टेटस पेजवर दर ३० मिनिटांनी लिहा, नवीन काही नसलं तरी. 'आम्ही तपास करत आहोत' एवढ्याने कोणाचं भागत नाही. 'लॉगिन चालू आहे, पेमेंट अडतंय. ११:१० नंतर केलेली पेमेंट पुन्हा करू नका, दुहेरी कापली जाऊ शकतात. पुढची माहिती १२:०० वाजता' असं लिहिलं की माणूस आपलं काम त्याप्रमाणे आखतो. आणि १२:०० म्हणजे १२:००.

मनुष्यबळाचा एक हिशेब मॅनेजर मंडळींना पटत नाही, म्हणून सविस्तर मांडतो. टेलिफोन एक्स्चेंजसाठी कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९१७ मध्ये रांगेची सूत्रं मांडली, ती आजही लागू पडतात. सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये, म्हणजे एकच माणूस आणि अनियमित येणारी कामं, रांगेतली सरासरी वाट ही एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या किती पट असते बघा: माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर ४ पट, ९० टक्के असेल तर ९ पट, ९५ टक्के असेल तर १९ पट. टीम मोठी असली की हे आकडे बरेच खाली येतात, पण आलेखाचा आकार तोच राहतो. तेव्हा 'माणसं रिकामी दिसतात, दोन कमी करू' या निर्णयाने रांग एकदम फुगते. शिवाय ती रिकामी दिसणारी वेळ खरी रिकामी नसते. ४० मिनिटांचं चांगलं उत्तर आणि नॉलेज बेसमधला, म्हणजे मदत-लेखांच्या संग्रहातला, लेख, दोन्ही त्याच वेळेत लिहिले जातात.

लेखाबद्दल एवढंच: शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत आणि एररचा मजकूर जसाच्या तसा, कारण माणूस तोच शोधतो. 'डेटा निर्यात कार्यप्रणालीविषयी मार्गदर्शन' असं शीर्षक कोणी शोधत नाही. लेख तिकीट बंद करताना लिहायचा, डोकं त्यातच असताना. महिन्याअखेर लिहू म्हणालात की तो लिहिला जात नाही. कोणत्या व्हर्जनवर शेवटचा तपासला ते वर लिहा.

पण लेखापेक्षा चांगली जागा प्रॉडक्टच. 'एरर १००४: काहीतरी चुकलं' या ऐवजी 'फाइलच्या ७१२ व्या ओळीत तारीख ३१/०२ आहे' असं पडद्यावर आलं तर ते तिकीट जन्मालाच येत नाही. आयटीआयएल या आयटी सेवांच्या प्रचलित कार्यपद्धतीच्या भाषेत घटना वेगळी आणि तिच्यामागची समस्या वेगळी. तिकीट बंद झालं म्हणजे घटना मिटली, समस्या तिथेच असते. दर आठवड्याला सपोर्ट आणि डेव्हलपमेंटने एकत्र बसून सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली पाच कारणं काढायची, आणि त्यातल्या किमान एकाची दुरुस्ती पुढच्या रिलीजमध्ये गेलीच पाहिजे. हे करायचं तर तिकिटांना टॅग कारणाचे हवेत. 'एक्सपोर्ट' हा टॅग काही सांगत नाही, 'एक्सपोर्ट टाइमआउट, मोठी तारीख-मर्यादा' हा सांगतो. एररचे शब्द बदलायचा हक्क सपोर्टला थेट द्या. त्यासाठी तीन मंजुऱ्या लागत असतील तर कोणी त्या फंदात पडत नाही.

'नाही' म्हणायलाही शिकायला हवं. 'आपली सूचना नोंदवली आहे' हे बहुतेक ठिकाणी सूचनेचं थडगं असतं, आणि ग्राहकाला ते माहीत असतं. 'हे पुढच्या सहा महिन्यांच्या आराखड्यात नाही, त्यामुळे तुम्हाला एपीआयवरून (प्रोग्रॅम लिहून) स्वतः करावं लागेल, नमुना सोबत देतो' हे कडू असलं तरी माणूस पुढचा निर्णय घेऊ शकतो.

मोजायचं काय? पहिल्या उत्तराचा वेळ मोजला की पोकळ उत्तरं वाढतात. कॉलचा सरासरी वेळ मोजला की माणसं फोन लवकर ठेवतात. बंद केलेली तिकिटं मोजली की अर्धवट सुटलेली तिकिटं बंद होतात. रेटिंग मोजलं की चिडलेल्या ग्राहकाला फॉर्मच जात नाही. कुठलाही आकडा एकटा ठेवला की तो वाकवला जातो, म्हणून जोडीने ठेवा: सुटायला लागलेल्या वेळेसोबत १४ दिवसांत पुन्हा उघडलेल्या तिकिटांचं प्रमाण. वेळेची सरासरी न काढता मध्यक (ज्या वेळेच्या आत निम्मी तिकिटं सुटली) आणि ९० वा शतमक (ज्या वेळेच्या आत ९० टक्के सुटली) बघा, कारण नाराज ग्राहक त्या शेवटच्या १० टक्क्यांत बसलेले असतात आणि सरासरीत ते दिसत नाहीत.

सुरुवातीला नवं टूल वगैरे काही नको. गेल्या महिन्यात बंद झालेली कुठलीही २० तिकिटं काढा. प्रत्येकात ग्राहकाने किती वेळा लिहिलं ते मोजा, आणि तुम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: हे आपल्याच लॉगमध्ये किंवा अकाउंटच्या माहितीत होतं का? व्हर्जन, ब्राउझर, रोल, एररची वेळ, यातलं बरंचसं तुमच्याकडे आधीच असतं. ज्या प्रश्नाला जास्त खुणा पडतील, त्याचं उत्तर तिकीट उघडताक्षणी सपोर्टवाल्याच्या पडद्यावर आपोआप दिसेल अशी सोय आधी करून घ्या.